एलिसलँडचे शेतघर आणि त्याचा धनी



इतिहासावर व्याख्यान म्हटले की किल्ले, तह, लढाया आणि राजघराणी डोळ्यांपुढे उभी राहतात. आज आम्ही ज्या वास्तूविषयी बोलणार आहोत तिच्यात यांपैकी काहीच नाही. तिला बुरूज नाही, तट नाही, तिच्या दारात कधी तोफ धडाडली नाही. स्कॉटलंडच्या दक्षिण भागात डम्फ्रीस नावाचे शहर आहे. त्याच्या उत्तरेस सुमारे सहा मैलांवर निथ नदीच्या पश्चिम काठी एक बसके, पांढऱ्या भिंतींचे शेतकऱ्याचे घर आहे. त्याचे नाव एलिसलँड. १७८८ आणि १७८९ या दोन वर्षांत ते बांधले गेले, आणि त्यात प्रथम राहावयास आला तो शेतकरी म्हणजे स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स. आज ते संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे आणि देशोदेशीचे लोक ते पाहावयास जातात.

आम्ही वास्तुशास्त्र शिकलेलो नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, आणि तेथे जर काही शिकलो असू, तर ते करार वाचावयास. करारपत्र हाती आले की आम्ही तीन गोष्टी आधी पाहतो : मुदत किती, मोबदला काय, आणि मुदत सरल्यावर कोणाच्या हाती काय उरते. पुढे पुस्तके वाचता वाचता आमच्या असे ध्यानात आले की, घरही याच रीतीने वाचता येते. भिंत कशाची आहे, छप्पर कोणी दिले, गडी कोठे निजतो आणि घर सोडताना बांधणाऱ्याच्या पदरात काय पडते, एवढे चार प्रश्न विचारले की मुके घरही बोलू लागते. एलिसलँडचे घर आज आपणांस असेच वाचावयाचे आहे. हे सांगताना कूळ, खंड आणि सालगडी हे आपल्या बोलीतले शब्द आम्ही वापरणार आहोत. देश परका असला, तरी नाते तेच आहे.

एलिसलँडची दगडी भिंत समजावयाची, तर तिच्या आधीची मातीची भिंत प्रथम पाहिली पाहिजे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडच्या सखल प्रदेशातला सामान्य शेतकरी दगडचुन्याच्या घरात राहत नव्हता. चिकणमाती, हिरवळीसकट कापून काढलेली मातीची ढेकळे, चुन्यावाचून रचलेले दगड, जेथे जे मिळेल ते घ्यावयाचे आणि भिंत उभी करावयाची. अशा भिंतीवर छपराचा भार टाकणे धोक्याचे असते. म्हणून वाकड्या खोडांच्या दोन दोन तुळया समोरासमोर उभ्या करून त्यांची टोके माथ्यावर जुळवीत. अशा जोड्या ठरावीक अंतराने लावल्या की घराचा सांगाडा तयार होई. छपराचे सारे ओझे या लाकडी जोड्या पेलीत आणि भिंत नुसती वारा अडवी. वर गवताचा किंवा काडाचा शाकार. आत दोन खोल्या : बाहेरची स्वयंपाकाची आणि आतली जरा बरी. गुरांचा गोठा बहुधा त्याच छपराखाली, कारण कडाक्याच्या हिवाळ्यात गुरांची ऊब माणसालाही हवी असे.

हे घर बांधण्याची एक रीत फार मनोहर होती. एलिसलँड ज्या जिल्ह्यात आहे त्याच डम्फ्रीस जिल्ह्यातील डॉर्नॉक या गावच्या वर्णनात ती नोंदलेली आहे. १७९० नंतरच्या काही वर्षांत स्कॉटलंडमधील प्रत्येक धर्मग्रामाची माहिती तेथील पाद्र्यांकडून मागवून छापली गेली, त्यांतले हे वर्णन आहे. पाया खणून त्यावर दगडांचे एकदोन थर घालीत. जवळच्या खड्ड्यातून माती काढून ठेवीत, पेंढा गोळा करीत. मग ठरल्या दिवशी शेजारीपाजारी वीसतीस बायाबापड्ये आपापले दाताळे, फावडे घेऊन जमत. कोणी माती आणि पेंढा तुडवीत, कोणी तो चिखल वाहून नेत, आणि त्यांतले चारसहा जाणते हात भिंत रचीत. काही तासांत भिंती पुऱ्या होत. मग घरधन्याकडून जेवण, पेय, वाद्ये आणि नाच. मजुरीचा हिशेब नाही, ठेकेदार नाही. आज माझे, उद्या तुझे, एवढाच काय तो करार.

बर्न्सचा जन्म अशाच मातीच्या घरात झाला. त्याचा बाप विल्यम बर्नेस हा माळीकाम करणारा कष्टाळू मनुष्य. एअर शहराजवळ ॲलोवे येथे त्याने साडेसात एकर जमीन कायमच्या पट्ट्याने घेतली आणि १७५७ साली तेथे आपल्या हातांनी मातीचे घर बांधले. घरात स्वयंपाकाची खोली, तीतच भिंतीच्या खोबणीत बसविलेला पलंग, पलीकडे दुसरी खोली, आणि त्याच ओळीत गोठा व कोठार. २५ जानेवारी १७५९ रोजी त्या खोबणीतल्या पलंगावर रॉबर्टचा जन्म झाला. पुढे थोड्याच दिवसांत वादळ झाले आणि घराची त्रिकोणी बाजूभिंत ढासळली. बाळबाळंतिणीला रातोरात शेजाऱ्याच्या घरी न्यावे लागले. मातीच्या घराची थोरवी गाताना ही रात्र विसरता कामा नये. ते घर ओले असे, धुराने भरलेले असे, आणि प्रसंगी अंगावरही येई. जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे.

परंतु या ॲलोवेच्या घराची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जमिनीचा पट्टा कायमचा होता. त्यामुळे कुटुंब ते घर सोडून गेल्यावरही घरावरचा विल्यमचा हक्क गेला नाही. १७८१ साली त्याने ते विकले. विकत घेणारे कोण, तर एअर शहरातील जोडे शिवणाऱ्या कारागिरांचा संघ! या संघाने ते घर शंभर वर्षे आपल्या मालकीत ठेवले. त्यात दारूचे दुकानही चालले. शेवटी १८८१ साली बर्न्सच्या स्मारकाच्या विश्वस्तांनी संघाला ४००० पौंड मोजून ते घेतले. मातीचे घर, पण ज्याने बांधले त्याला त्याची किंमत आली. ती भिंतीच्या मजबुतीमुळे आली नाही, पट्ट्याच्या शब्दांमुळे आली.

यापुढे या कुटुंबाने जी जी घरे पाहिली, त्यांत हे भाग्य पुन्हा आले नाही. १७६६ साली विल्यम बर्नेस मुलांसह माउंट ऑलिफंट या सत्तर एकरांच्या शेतावर कूळ म्हणून गेला. जमीन निकस, खंड वर्षाला ४० पौंड. मूळ मालक वारल्यावर त्याच्या कारभाऱ्याची धमकीची पत्रे घरात येऊ लागली आणि ती वाचून घरची माणसे रडत. १७७७ साली ते लॉखली या १३० एकरांच्या शेतावर गेले. खंड एकरी वीस शिलिंग, म्हणजे वर्षाला १३० पौंड. येथे तर लेखी पट्टाच झाला नव्हता. जमीन सुधारण्याचा खर्च कोणाचा आणि खंडाची बाकी किती, यावर मालकाशी वाद पडला. तो वाढत वाढत एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी १७८४ मध्ये निकाल म्हाताऱ्याच्या बाजूने लागला, आणि १३ फेब्रुवारीला म्हातारा मेला. खटला जिंकला, पण जिंकलेले भोगावयास माणूस उरला नाही. तोंडी करारावर विसंबणारांची ही गोष्ट आम्ही आमच्या सभासदांना अनेकदा सांगितली आहे.

मग रॉबर्ट आणि त्याचा भाऊ गिल्बर्ट यांनी मॉसगील येथे ११८ एकर जमीन वर्षाला ९० पौंड खंडाने घेतली. घर लहान. रॉबर्टला निजावयास वर पोटमाळा होता. त्याच पोटमाळ्यात शेतावरचा गडी जॉन ब्लेन हाही निजे. धनी आणि गडी एका छपराखाली, एका माळ्यावर. नोव्हेंबर १७८५ मध्ये नांगराच्या फाळाने एका उंदराचे बीळ उद्ध्वस्त झाले. ब्लेन उंदराच्या मागे धावला तेव्हा बर्न्सने त्याला थांबविले, आणि त्यावरून त्याची उंदराला उद्देशून केलेली प्रसिद्ध कविता जन्मास आली, असे सांगतात. हिवाळ्याच्या तोंडावर घर मोडलेल्या प्राण्याविषयी त्याला एवढा कळवळा का वाटला, हे ज्याने लॉखलीची हकीकत ऐकली त्याला वेगळे सांगावयास नको.

आता आपण पुन्हा एलिसलँडला येऊ. १७८६ आणि १७८७ मध्ये बर्न्सची कवितांची पुस्तके निघाली, नाव झाले, थोडा पैसा हाती आला. डाल्स्विंटनचा जमीनदार पॅट्रिक मिलर याने त्याला आपल्या जहागिरीतले शेत देऊ केले. मिलर हा जुन्या चालीचा सरदार नव्हे. तो एडिंबरोच्या पेढीच्या व्यवहारातला मनुष्य, नव्या यंत्रांवर पैसा लावणारा. १४ ऑक्टोबर १७८८ रोजी त्याने आपल्या तळ्यावर वाफेच्या बोटीचा प्रयोग करविला. त्याच सुमारास नदीच्या या काठी बर्न्सचे घर उभे राहत होते. एका काठावर वाफेचे युग सुरू होत होते आणि दुसऱ्या काठावर एक कूळ गवंड्याची वाट पाहत होते.

बर्न्सपुढे तीन शेते ठेवली होती. त्याने नदीकाठचे रमणीय एलिसलँड निवडले. ही निवड शेतकऱ्याची नव्हे, कवीची आहे, असे मिलरच्या कारभाऱ्याने म्हटल्याची आख्यायिका आहे. शेत १७० एकरांचे. पट्टा ७६ वर्षांचा, म्हणजे एकोणीस वर्षांच्या चार मुदती. खंड पहिली तीन वर्षे ५० पौंड, पुढे ७० पौंड. शेतावर राहण्याजोगे घर नव्हते आणि कुंपणेही नव्हती. म्हणून मिलरने घरबांधणी आणि कुंपण यांसाठी ३०० पौंड दिले. ते काम करवून घेण्याचा भार मात्र कुळावर.

या करारात नव्या काळाची सारी लक्षणे आहेत. मातीच्या घरासाठी पैसा लागत नसे, शेजार लागे. दगडी घरासाठी दगड फोडावा लागतो, चुना भाजून आणावा लागतो, गवंडी आणि सुतार रोजाने लावावे लागतात. म्हणजे भांडवल लागते, आणि ते जमीनदाराकडे असते. ज्याचे भांडवल त्याची भिंत! काम टॉमस बॉइड नावाच्या डम्फ्रीसच्या बांधकाम करणाऱ्याकडे दिले होते. ते रेंगाळले. १७८८ चा उन्हाळा आणि पावसाळी दिवस बर्न्सने शेताजवळच्या एका झोपडीत काढले. तीत धूर कोंडे, वारा आणि पाऊस आत येई. त्याची बायको जीन आर्मर पन्नासएक मैलांवर मॉचलीन येथे राहिली होती. ती हिवाळ्यात आली, तरी घर तयार नव्हते, म्हणून ती दोघे जवळच दुसऱ्याच्या घरात राहिली. १७८९ च्या आरंभी बर्न्सने बॉइडला पत्र लिहून काम उरकण्याची विनवणी केली. त्याच वर्षाच्या मध्याला एकदाचा गृहप्रवेश झाला. पुढे मोलकरीण बायबलचा ग्रंथ आणि मिठाचे भांडे घेऊन चालली आणि मागून नवराबायको आत गेली, असे सांगतात. नव्या घरात आधी धर्म आणि मीठ न्यावे, ही त्या देशाची रीत.

घरात काय होते? चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, धूर वर नेणारे धुराडे, काचेच्या खिडक्या, स्वयंपाकघर, बसाउठावयाची खोली, निजण्याची खोली. माणसाचे घर आणि गुरांचा गोठा आता एका दाराने जोडलेले नव्हते. कोठार, गोठा आणि तबेला अंगणाभोवती वेगळे मांडले होते. आपल्या डोळ्यांना हे साधेच वाटेल. परंतु मातीच्या घरात जन्मलेल्या माणसाला दगडी भिंतीच्या आत, धुरावाचून, वारा न लागता बसावयास मिळणे म्हणजे केवढे सुख! या मुक्कामात आणि या नदीकाठी १७९० साली बर्न्सने 'टॅम ओ शँटर' हे आपले सर्वांत गाजलेले कथाकाव्य रचले. दगडी घराने माणसाला काय दिले, हे विचारणाऱ्याला आम्ही हे उत्तर देऊ. कुळालाही कोरडी जागा आणि निवांत वेळ लागतो.

येथे बर्न्स स्वतः धनी होता. दोन गडी, दोन मोलकरणी, चार घोडे, नऊदहा दुभत्या गाई, असा त्याचा पसारा होता. त्याच्याकडे सहा महिने नांगरट केलेल्या एका गड्याची आठवण पुढे लोकांनी लिहून ठेवली आहे. मुदत संपली तेव्हा बर्न्सने ठरलेला पगार तर दिलाच, वर एक शिलिंग जत्रेसाठी म्हणून हातावर ठेवला. माणूस दिलदार होता, यात शंका नाही. पण दिलदारीने जमीन पिकत नाही. एलिसलँडची माती झिजलेली होती. खंड भागेना, म्हणून सप्टेंबर १७८९ पासून तो सरकारच्या अबकारी खात्यात वर्षाला पन्नासएक पौंडांवर नोकरीला लागला. आठवड्याला दोनदोनशे मैल घोड्यावरची रपेट, आणि उरलेल्या वेळात शेती. १७९१ मध्ये मिलरने एलिसलँड २००० पौंडांना दुसऱ्याला विकले. बर्न्सने पट्टा सोडून दिला आणि नोव्हेंबरमध्ये तो मुलाबाळांसह डम्फ्रीसला भाड्याच्या बिऱ्हाडी गेला. पट्टा होता ७६ वर्षांचा. नव्या घरात तो राहिला अडीच वर्षेही नाही. जे घर बांधण्यासाठी त्याने वर्षभर चिखलात आणि धुरात दिवस काढले, त्याची एक वीटही त्याची नव्हती.

आता दोन घरे शेजारी ठेवून पाहा. ॲलोवेचे घर मातीचे, पण ते बांधणाऱ्याचे होते. एलिसलँडचे दगडी, पण ते दुसऱ्याचे होते. भिंत सुधारली आणि हक्क आखडला. स्कॉटलंडच्या शेतघराचा पुढील शंभर वर्षांचा इतिहास या एका वाक्यात सांगता येतो.

या शंभर वर्षांत शेतीचे रूप पालटले. विखुरलेले तुकडे एकत्र करून मोठी शेते केली गेली. लहान कुळे गेली आणि मोठी, भांडवलदार कुळे आली. अँड्र्यू मीकल याने १७८८ साली, म्हणजे एलिसलँडचा पाया घातला त्याच वर्षी, मळणीयंत्राचे पेटंट घेतले. त्या यंत्राला फिरविण्यासाठी घोडे गोल चालवावे लागत, म्हणून कोठाराला चिकटून गोल किंवा बहुकोनी छपरे उभी राहिली. पुढे वाफ आली, आणि पूर्व लोदियन भागातील शेतांवर गिरणीसारखी उंच धुराडी दिसू लागली. शेतघर दुमजली झाले. मध्यभागी दार, दोहों बाजूंना सारख्या खिडक्या, वर दगडी पाट्यांचे छप्पर. मागे गोठे, तबेले आणि कोठारे यांचा बंदिस्त चौक. शिस्त, सोय आणि नेटकेपणा या दृष्टीने ही रचना उत्कृष्टच आहे. तिची चित्रे पाहून आम्हीही चकित झालो आहो.

परंतु आमचा चौथा प्रश्न अजून राहिला आहे. गडी कोठे निजतो? मॉसगीलला तो धन्याच्या माळ्यावर निजत होता. नव्या घरात जेवणघर आले, गालिचा आला, दिवाणखाना आला, आणि चिखलाच्या जोड्यांनी येणारा गडी त्यात बसेनासा झाला. त्याची रवानगी चौकात झाली. ईशान्येकडे, अबर्डीनच्या बाजूला, तबेल्याच्या वर किंवा शेजारी एक खोली असे. गडी तेथे निजत आणि जेवणापुरते धन्याच्या स्वयंपाकघरात येत. अँगस, पर्थ वगैरे भागांत तेवढेही नव्हते. तेथे बिनलग्नाच्या गड्यांसाठी 'बॉथी' नावाची वेगळी खोली असे. तीत त्यांनी निजावयाचे आणि मालकाने मोजून दिलेले ओटचे पीठ कालवून खावयाचे. विल्यम कॉबेट हा इंग्रज लेखक १८३२ साली स्कॉटलंडात हिंडला तेव्हा त्याने अशी एक बॉथी पाहून तिचे वर्णन केले. एक दार, एक लहान खिडकी, खाली उघडी जमीन, एकमेकांना ठोकून जोडलेल्या फळ्यांच्या तीन खाटा, आणि त्यांत सहा तरुण. बाहेर चौकात घोड्यांचा तबेला मात्र उत्तम बांधलेला असावयाचा. कारण घोडा विकत घ्यावा लागतो, गडी सहा महिन्यांच्या बोलीने मिळतो.

ही सहा महिन्यांची बोली गड्यांच्या बाजारात ठरे. मे महिन्यात आणि नोव्हेंबरात मुदत संपे. संसारी गड्याला शेतावर झोपडीवजा घर मिळे, पण ते नोकरीबरोबर मिळे आणि नोकरीबरोबर जाई. मुदतीच्या दिवशी गाडीवर खाटा, भांडी, मुले लादून कुटुंबे एका शेतावरून दुसऱ्या शेतावर निघत. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर मालकाच्या मर्जीवर आहे, तो मजुरीसाठी तोंड कसे उघडणार? आम्ही संघटनेच्या कामात हे पुष्कळ पाहिले आहे. पगार कापला तर माणूस झगडतो. खोली जाईल म्हटले की तो घराकडे पाहून गप्प बसतो.

उत्तरेकडील डोंगराळ मुलखात हीच गोष्ट अधिक कठोरपणे घडली. तेथे लाकूड दुर्मिळ. छपराच्या तुळया हीच घराची खरी संपत्ती. कूळ गाव सोडताना भिंती टाकून जाई आणि तुळया बरोबर नेई, कारण त्यांच्या जोरावर दुसरीकडे घर उभे राहू शके. मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळे उठविण्याची मोहीम निघाली तेव्हा मालकांच्या माणसांनी नेमका येथेच घाव घातला. १८१४ साली सदरलँड परगण्यातील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात लोक परत येऊन घरे उभारू नयेत म्हणून छपरे पाडून तुळया जाळण्यात आल्या. त्या प्रकरणी जमीनदाराचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ साली खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. घर कोठे मोडते, हे जाळणाऱ्यालाही बरोबर ठाऊक असते.

मग यावर उपाय निघाला की नाही? निघाला, पण तो वास्तुशिल्पकाराच्या कागदावर निघाला नाही. १८८२ साली स्काय बेटावरील ब्रेज येथे कुळे पोलिसांशी भिडली. चौकशी मंडळ नेमले गेले, आणि १८८६ साली डोंगराळ भागातील लहान कुळांचा कायदा झाला. कुळाला मनास येईल तेव्हा हुसकता येणार नाही, खंड वाजवी किती हे मंडळ ठरवील, आणि कुळाने केलेल्या सुधारणांची, त्यांत बांधलेल्या घराचीही, जमीन सोडताना भरपाई मिळेल, अशी तीन कलमे त्यात आली. सखल भागातील मोठ्या कुळांना सुधारणांच्या भरपाईचा कायदा १८८३ साली मिळाला होता. बर्न्सच्या मृत्यूस तेव्हा ८७ वर्षे होऊन गेली होती.

या कायद्यानंतर बेटांवरील घरे बदलू लागली. लुईस बेटावर आर्नॉल गावी ४२ क्रमांकाचे जुने घर जपून ठेवले आहे. दोन दगडी भिंतींमध्ये मातीचा भराव, मधोमध पेटलेली शेणकुटासारखी सुकी दलदलीची माती, धुराडे नाही, आणि गुरे त्याच छपराखाली. त्या घरात १९६६ पर्यंत माणसे राहत होती. पण आजूबाजूस हळूहळू चुन्याच्या भिंतींची, धुराड्यांची, काचेच्या खिडक्यांची नवी घरे उभी राहिली. ती बहुतेक लोकांनी स्वतः बांधली. भिंत आपलीच राहणार, असा भरवसा आला तेव्हा माणूस भिंतीवर पैसा आणि घाम घालू लागला. आळशी लोक म्हणून ज्यांना शंभर वर्षे हिणविले, त्यांचा आळस एका कायद्याने गेला!

शेतावरच्या गड्याला मात्र या कायद्याने काही मिळाले नाही, कारण तो कूळही नव्हता. त्याची संघटना १९१२ साली जोसेफ डंकन यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या घरांची चौकशी करणारे शाही मंडळ नेमले गेले, आणि ते नेमावे म्हणून आधीपासून धरणे धरले होते ते खाणकामगारांच्या संघाने. मंडळाचा अहवाल १९१७ साली आला. देशातील जवळजवळ निम्मी माणसे एका किंवा दोन खोल्यांत राहतात, आणि शेतावरील मजुरांची घरे सदोष बांधणीची व कधीच कोरडी न होणारी आहेत, असे त्याने स्पष्ट लिहिले. १९१९ च्या कायद्याने घरे बांधण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. मालकाच्या मर्जीवर नसलेले कोरडे घर खेड्यातल्या मजुराच्या वाट्यास येण्याची वाट तेथून मोकळी झाली.

सभ्य श्रोतेहो, जुन्या वास्तू जपाव्यात, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु जपले जाते ते काय, हेही पाहावे. दगडाचे टिकते, मातीचे विरघळते. डॉर्नॉकच्या वीसतीस शेजाऱ्यांनी एका दिवसात उभारलेली घरे पावसात मिसळून गेली. बॉथीतल्या खाटा सरपणात गेल्या. उरले ते दुमजली शेतघर आणि त्याचा नीटनेटका चौक, आणि आपण म्हणतो, पूर्वीचा शेतकरी किती सुखी होता! ॲलोवेची मातीची भिंत आज उभी आहे, ती तीत कवी जन्मला म्हणून. ज्या हजारो घरांत कवी जन्मले नाहीत, नुसते नांगरे जन्मले, ती कोठे आहेत?

म्हणून एलिसलँडसारखे घर पाहताना आधी भिंत पाहावी, ती सुंदर आहे. मग पट्टा वाचावा. आणि शेवटी जिना चढून, नाहीतर चौक ओलांडून, गडी कोठे निजत होता ती जागा पाहून यावी. ती पाहिल्यावाचून घर पाहिले, असे आम्ही तरी म्हणणार नाही.